खुल्या माहितीचा इतिहास: हजेरीपट, प्रतिज्ञापत्रं आणि दोन पीडीएफ

'ओपन डेटा' किंवा खुली सरकारी माहिती हा विषय संशोधनासाठी घ्यायचं ठरवलं, की वाचनाची सुरुवात बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून होते. डिसेंबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सेबास्टोपोल या गावात सुमारे तीस जण जमले. त्यात कार्ल मालामुड होते, टिम ओ'रायली होते, लॉरेन्स लेसिग होते. सरकारी डेटा 'खुला' कधी म्हणायचा याची आठ तत्त्वं त्यांनी लिहून काढली: तो पूर्ण हवा, मूळ स्वरूपातला हवा, वेळेवर मिळायला हवा, यंत्राला वाचता यायला हवा, वगैरे. मे २००९ मध्ये अमेरिकी सरकारनं आपलं डेटा पोर्टल सुरू केलं आणि मग एकेक देश त्या वाटेनं गेला. भारताचं पोर्टल २०१२ चं.

ही कथा खरी आहे. पण भारताबद्दल लिहिताना फक्त तीच घेतली, तर प्रबंधाचं पहिलंच प्रकरण अर्धवट राहील. सरकारी कागद लोकांसमोर ठेवून तो तपासायचा, हे आपल्याकडे वेबसाईटच्या बरंच आधी सुरू झालं, आणि तेही मजुरांच्या पगारावरून. तो धागा पकडला की एक वेगळा प्रश्न हाती येतो: माहिती प्रसिद्ध होणं आणि माहिती तपासता येणं, यांत नेमकं अंतर किती आहे? या लेखात त्या अंतराचे तीन प्रसंग बघू.

पहिला प्रसंग: हजेरीपट

मध्य राजस्थानातल्या राजसमंद जिल्ह्यात देवडुंगरी नावाचं छोटं गाव आहे. प्रशासकीय सेवा सोडलेल्या अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह तिथे राहून काम करत होते. १ मे १९९० रोजी तिथल्या मजूर-शेतकऱ्यांबरोबर त्यांनी 'मजदूर किसान शक्ती संघटन' स्थापन केलं. लढा किमान वेतनाचा होता. दुष्काळी कामांवर मजुरांना ठरलेल्यापेक्षा कमी पैसे मिळायचे. विचारलं की उत्तर ठरलेलं: तुम्ही काम कमी केलंत, तसं मस्टरवर लिहिलं आहे. मस्टर दाखवा म्हटलं, तर तो सरकारी कागद, दाखवता येत नाही.

मस्टर म्हणजे हजेरीपट. रोजगार हमीमुळे हा शब्द महाराष्ट्रातल्या खेड्यांत पिढ्यांपासून ओळखीचा आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या योजनेचा कायदा आपल्याकडे १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. कोण कामावर आलं, किती दिवस आलं, किती पैसे दिले, एवढंच त्या कागदावर असतं. डेटा म्हणून बघाल तर अगदी साधा तक्ता: काही ओळी, काही रकाने, शेवटी अंगठे.

मग २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे पहिली 'जनसुनवाई' झाली. पद्धत साधी होती. मिळवलेली बिलं आणि हजेरीपटावरची नावं माईकवरून मोठ्यानं वाचायची, आणि ज्यांची ती नावं आहेत त्यांनाच विचारायचं: तू गेला होतास का या कामावर? एवढे पैसे मिळाले का? या आणि नंतरच्या सुनावण्यांतून काय बाहेर आलं ते आता सर्वज्ञात आहे. न गेलेल्या माणसांची हजेरी, मेलेल्यांची नावं, कागदावर पूर्ण आणि जमिनीवर अर्धवट असलेली बांधकामं.

इथे थोडं थांबा, कारण पुढचा सगळा लेख यावर उभा आहे. त्या मंडपात दोन याद्या होत्या. एक सरकारच्या कागदावरची. दुसरी कुठेच लिहिलेली नव्हती, ती गावाच्या आठवणीत होती. दोन्हींत समान असलेली गोष्ट म्हणजे माणसाचं नाव. त्या नावाच्या आधारानं दोन याद्या एकमेकींना लावून बघितल्या, आणि जिथे त्या जुळल्या नाहीत तिथे चोरी सापडली. डेटाबेस शिकलेल्यांनी हे लगेच ओळखलं असेल. याला आपण दोन टेबल 'जॉइन' करणं म्हणतो, आणि त्यासाठी लागणाऱ्या समान रकान्याला 'की' म्हणतो. मी या लेखात त्याला जुळणी म्हणेन.

आता हेही बघा की मजुरांची मागणी कधीच 'आम्हाला एकूण आकडेवारी द्या' अशी नव्हती. 'तालुक्यात इतके लाख खर्च झाले' हा आकडा देऊन टाकायला कुणाचीच हरकत नसते, कारण तो कुणालाच तपासता येत नाही. मागणी होती ओळीओळीची: मस्टरची प्रत, बिलाची प्रत. एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोंसिंह शेखावत यांनी विधानसभेत तसं आश्वासन दिलं. वर्षभरात आदेश निघाला नाही, तेव्हा ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर शहरात चाळीस दिवसांचं धरणं झालं. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा त्या चळवळीची. धरण्याच्या काळात सरकार कागद बघू द्यायला राजी होतं असं दिसतं, पण खरी अडचण झेरॉक्सची होती. ती गोष्ट क्षुल्लक वाटते, पण कागद नुसता बघायला मिळाला तर तो गावात नेऊन वाचता येत नाही. प्रत नसेल तर जुळणी होत नाही.

कायद्यात काय उतरलं

यापुढचा इतिहास बऱ्यापैकी माहीत असतो, म्हणून थोडक्यात. माहिती अधिकाराचे कायदे आधी राज्यांनी केले. तामिळनाडू आणि गोवा १९९७ मध्ये, राजस्थान २००० मध्ये. महाराष्ट्राचा २००० चा कायदा दुबळा होता. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांनंतर नवा कायदा आला, ऑगस्ट २००३ मध्ये त्यांच्या उपोषणादरम्यान त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तो २३ सप्टेंबर २००२ पासून लागू मानला गेला. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे अमलात आला.

हा कायदा आपण अर्ज, दहा रुपये आणि तीस दिवस एवढ्यापुरताच लक्षात ठेवतो. संशोधक म्हणून तुम्ही त्यातली तीन कलमं मुळातून वाचा.

कलम २(जे) मध्ये माहितीच्या अधिकाराची व्याख्या आहे. त्यात कामांची पाहणी करणं, टिपणं काढणं, प्रमाणित प्रती आणि साहित्याचे नमुनेसुद्धा घेणं येतं. शिवाय माहिती संगणकात असेल तर ती डिस्केट, फ्लॉपी, टेप किंवा अन्य इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवणंही. फ्लॉपी हा शब्द आज वाचून हसू येईल, पण फाईल मागण्याचा हक्क तिथेच लिहिलेला आहे.

कलम ४ सांगतं की कुणी मागण्याची वाट न बघता कार्यालयांनी सतरा प्रकारची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी, आणि लोकांना अर्ज करायची गरज कमीत कमी पडावी. आपल्या देशात 'ओपन डेटा' हे नाव येण्याआधी त्याचं कायदेशीर बंधन आलं होतं, ते असं.

आणि कलम ७(९): माहिती शक्यतो मागितलेल्या स्वरूपातच द्यावी. त्यासाठी साधनसामग्रीवर प्रमाणाबाहेर ताण येत असेल किंवा अभिलेखाला धोका असेल, तरच अपवाद. प्रत्यक्षात अनेकदा हाच अपवाद नकारासाठी पुढे येतो. म्हणून अर्ज लिहिताना 'माहिती द्यावी' एवढंच लिहू नका. 'एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात द्यावी, कलम २(जे) आणि ७(९) नुसार' असं लिहा.

दुसरा प्रसंग: प्रतिज्ञापत्रं

१९९९ मध्ये अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतले काही प्राध्यापक एकत्र आले. त्रिलोचन शास्त्री, जगदीप छोकर वगैरे. त्यांनी 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' ही संस्था काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मागणी एवढीच: उमेदवारावर कोणते फौजदारी खटले आहेत हे मतदाराला कळलं पाहिजे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २ मे २००२ च्या निकालानं खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण ही माहिती जाहीर करणं बंधनकारक ठरवलं. सरकारनं आधी अध्यादेश आणि मग दुरुस्ती करून त्याची धार कमी करायचा प्रयत्न केला. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयानं त्या दुरुस्तीतलं आड येणारं कलम रद्द केलं.

कायद्याच्या अभ्यासकांसाठी गोष्ट इथे संपते. आपल्यासाठी ती इथून सुरू होते. निकाल आला, प्रतिज्ञापत्रं येऊ लागली, आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ती चढूही लागली. पण कशी? स्कॅन केलेल्या प्रतिमा. काही टंकलिखित, काही हातानं भरलेली, राज्याराज्याच्या भाषेत. म्हणजे माहिती सार्वजनिक होती, पण 'या मतदारसंघातल्या सगळ्या उमेदवारांवरचे खटले एका तक्त्यात दाखव' असं संगणकाला सांगता येत नव्हतं. ते काम संस्थेनं आणि स्वयंसेवकांनी हातानं केलं. एकेक प्रतिज्ञापत्र वाचायचं, आकडे रकान्यांत भरायचे. त्यातून 'मायनेता' हे संकेतस्थळ उभं राहिलं. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत 'इतके टक्के उमेदवारांवर गुन्हे' अशी बातमी येते, तिच्या मागे हे टायपिंग आहे.

इथली जुळणी काळाबरोबरची आहे. एकाच माणसाचं एका निवडणुकीतलं आणि पाच वर्षांनंतरचं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवलं, की मालमत्तेत किती फरक पडला ते दिसतं. पण त्यासाठी हा तोच माणूस हे ओळखावं लागतं. नावाचं स्पेलिंग बदलतं, वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं, मतदारसंघ बदलतो. संगणकाला 'पाटील एस. बी.' आणि 'संभाजी भाऊसाहेब पाटील' एकच आहेत हे आपोआप कळत नाही (ही नावं उदाहरणादाखल). तुमच्यापैकी कुणी निवडणुकांच्या डेटावर काम करणार असाल, तर वेळेचा मोठा वाटा या नावं जुळवण्यातच जाणार आहे, हे वेळापत्रक आखताना आधीच धरून चाला.

मधला प्रवाह: पोर्टल

आता सुरुवातीच्या २०१२ कडे येऊ. मार्च २०१२ मध्ये केंद्र सरकारनं 'राष्ट्रीय डेटा सामायिकीकरण आणि सुलभता धोरण' अधिसूचित केलं आणि त्याच वर्षी राष्ट्रीय पोर्टल सुरू झालं. विज्ञान शाखेतल्या वाचकांना यात एक गोष्ट रोचक वाटेल: हे धोरण आणलं ते विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं. त्यामागचा विचार असा की सार्वजनिक पैशातून गोळा झालेला नकाशांचा, हवामानाचा, सर्वेक्षणांचा डेटा विभागाविभागांत पडून राहू नये, इतरांनीही वापरावा. पोर्टलची यंत्रणा तर अमेरिकेबरोबर मिळून विकसित केली गेली.

म्हणजे आपल्याकडे दोन प्रवाह आहेत. एक हिशेब मागणाऱ्यांचा, जो कोट किरानाच्या मंडपातून येतो. दुसरा डेटाकडे साधनसंपत्ती म्हणून बघणाऱ्यांचा, जो शास्त्रीय संस्थांतून येतो. दुसऱ्या प्रवाहानं यंत्राला वाचता येतील अशा फाईली दिल्या, २०१७ मध्ये खुला परवानाही दिला. ही कामगिरी कमी लेखू नका, पाऊसमान किंवा शेतीभावावर काम करणाऱ्याला तिचा रोज उपयोग होतो. पण असा डेटा बहुधा गोळाबेरीज केलेला असतो: जिल्हावार, वर्षवार. त्यात नाव नसतं, बिल क्रमांक नसतो. जुळणीला लागणारा रकानाच नसतो. त्यामुळे पोर्टलवर हजारो फाईली आहेत म्हणून हिशेब मागणं सोपं झालं, असा निष्कर्ष काढायची घाई करू नका.

दोन्ही प्रवाह जिथे एकत्र आले ते ठिकाण म्हणजे राष्ट्रीय रोजगार हमीचं संकेतस्थळ. तिथे प्रत्येक जॉबकार्डला क्रमांक आणि गावनिहाय हजेरीपट ऑनलाइन. कायद्याच्या कलम १७ नुसार ग्रामसभेनं सामाजिक अंकेक्षण करायचं, म्हणजे जनसुनवाईलाच कायद्यात जागा मिळाली. आंध्र प्रदेशात २००६ पासून हे काम पद्धतशीर सुरू झालं: संकेतस्थळावरचे तक्ते छापून गावात न्यायचे आणि घरोघरी विचारायचं. राजस्थानात याद्या भिंतींवर रंगवल्या गेल्या. ज्याला पडताळता येतं त्याच्यापर्यंत यादी पोचणं, हा त्या भिंतीचा अर्थ.

तिसरा प्रसंग: दोन पीडीएफ

निवडणूक रोख्यांची योजना २ जानेवारी २०१८ रोजी अधिसूचित झाली. स्टेट बँकेतून रोखा विकत घ्यायचा, पक्षाला द्यायचा, पक्षानं तो वटवायचा. कुणी कुणाला दिला हे लोकांना कळणार नाही, हीच योजनेची रचना. त्याच वर्षी एका पत्रकारानं रोखा प्रयोगशाळेत तपासून घेतला, तेव्हा अतिनील प्रकाशात एक अक्षर-अंकी क्रमांक दिसला. प्रत्येक रोख्याचा वेगळा. अर्थ मंत्रालयानं सांगितलं की तो सुरक्षेसाठी आहे.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ही योजना एकमतानं घटनाबाह्य ठरवली आणि १२ एप्रिल २०१९ पासूनचा तपशील ६ मार्चपर्यंत निवडणूक आयोगाला द्यायला सांगितलं. बँकेनं ३० जूनपर्यंत मुदत मागितली. कारण वाचण्यासारखं आहे. रोखे २२,२१७. खरेदीची माहिती एकीकडे, वटवल्याची दुसरीकडे. म्हणजे एकूण ४४,४३४ संच, आणि ते एकमेकांशी जुळवायला वेळ लागेल. ११ मार्चला न्यायालयानं मुदत नाकारली: जुळवून द्या असं आम्ही सांगितलेलंच नाही, जे आहे ते द्या.

१४ मार्चला आयोगानं दोन पीडीएफ प्रसिद्ध केल्या. एकीत खरेदीदार, तारीख, रक्कम. दुसरीत पक्ष, तारीख, रक्कम. दोन्ही याद्या खऱ्या. दोन्ही सार्वजनिक. आणि दोन्ही मिळूनही मूळ प्रश्नाचं उत्तर नाही, कारण एक कोटीचे रोखे शेकड्यांनी विकले गेले, आणि तारीख व रक्कम यांवरून कुठला कुठे गेला ते ठरत नाही. समान रकाना नव्हता.

१८ मार्चला न्यायालयानं स्पष्ट केलं की सगळा तपशील म्हणजे तो क्रमांकसुद्धा. २१ मार्चला क्रमांकासह याद्या आल्या. त्याच संध्याकाळी पत्रकार आणि प्रोग्रामर मंडळींनी पीडीएफमधून तक्ते काढून दोन्ही बाजू जोडल्या. ज्या कामाला महिने लागणार होते, ते काही तासांत झालं. प्रोग्रामिंगच्या दृष्टीनं सुमारे वीस हजार ओळींचे दोन तक्ते एका रकान्यावर जोडणं हा पहिल्या महिन्यातला सराव आहे. देशाच्या पातळीवर त्या एका रकान्यासाठी सहा वर्षं लागली.

आज कुठे आहोत

इथवर वाचून 'मग सगळंच ओळीओळीनं प्रसिद्ध करा' असं वाटू शकतं. जरा सांभाळून. ज्या रकान्यामुळे ठेकेदाराची चोरी सापडते, त्याच रकान्यामुळे गरीब बाईचं जॉबकार्ड, बँक खातं, आजारपण हेही उघडं पडू शकतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो योग्यच.

पण ही सांगड घालण्याची जुनी तरतूद माहिती अधिकार कायद्यात होती. कलम ८(१)(जे) म्हणायचं की वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती देणं म्हणजे खासगीपणावर अनाठायी आक्रमण असेल, तर ती नाकारता येईल, आणि व्यापक जनहित असेल तर देता येईल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) नं हे सगळं काढून 'वैयक्तिक माहिती' एवढाच अपवाद ठेवला. कलम ८(२) मधली जनहिताची सर्वसाधारण तरतूद शिल्लक आहे, असं सरकारचं म्हणणं. कार्यकर्त्यांचा आक्षेप असा की हजेरीपटावरचं नाव हीसुद्धा वैयक्तिक माहितीच, मग जनसुनवाईत वाचायचं काय? दोन्ही बाजू नीट मांडून, माहिती आयोगांच्या निर्णयांवरून प्रत्यक्षात काय घडतंय ते तपासणं, हा मला आज सगळ्यात निकडीचा संशोधन विषय वाटतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये बिहारच्या मतदार यादीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं दिलेला अंतरिम आदेशही या संदर्भात वाचा. प्रारूप यादीत नसलेली सुमारे ६५ लाख नावं कारणांसह संकेतस्थळांवर टाका, मतदार ओळखपत्राच्या क्रमांकानं शोधता येतील अशी टाका, आणि पंचायत कार्यालयांच्या फलकावरही लावा, असं न्यायालयानं सांगितलं. संकेतस्थळ, क्रमांक आणि गावचा फलक एकाच आदेशात.

तुमच्या कामासाठी

कुठलीही 'खुली' माहिती हाती आली, की आराखडा लिहिण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा.

१. ही ओळीओळीची माहिती आहे की गोळाबेरीज?
२. हिच्याशी लावून बघता येईल अशी दुसरी यादी कुठे आहे? कार्यालयात, न्यायालयात, की लोकांच्या आठवणीत?
३. दोन्हींत समान रकाना कोणता? नसेल, तर तो मुळात नव्हता की प्रसिद्ध करताना काढला?
४. चूक सापडली तर ती कोण ओळखू शकतं, आणि त्याच्यापर्यंत ही यादी पोचते का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'काढला' असं आलं, तर तो कुणी, केव्हा आणि कोणत्या आदेशानं काढला हे शोधा. त्या आदेशाची प्रत मिळवण्यासाठी पहिला माहिती अर्ज टाका. तीस दिवसांनी जे उत्तर येईल, मिळालेलं किंवा नाकारलेलं, ते दोन्ही तुमच्या प्रबंधाचा डेटाच आहे. तारखेसह फाईलला लावून ठेवा.